‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका

बाळंतिणीला ‘बरी आहेस ना?’ म्हणून विचारलं की ती ‘हो’च म्हणते. टाके ठसठसत असोत, लघवी तुंबलेली असो, डोकं फुटायची वेळ आलेली असो, उत्तर एकच. उशाशी सासू, पायाशी नवरा, कुशीत बाळ, आणि समोर फायलींचा गठ्ठा घेऊन घाईत उभी असलेली नर्स. एवढ्या लोकांत ‘नाही, मी बरी नाही’ म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. म्हणून वॉर्डात नव्या मुली ड्युटीला आल्या की मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते: हा प्रश्न विचारायचा नाही. तोंडातून गेलाच, तर त्याचं उत्तर फायलीत लिहायचं नाही.

मी मूळची दोडामार्गची. लग्न होऊन गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आले आणि नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात, ज्याला आम्ही सगळे पीएनसी म्हणतो. आमच्या वॉर्डात भाषांची मिसळ असते. पेडणे-सत्तरीच्या बायका, सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या (तिकडून गोवाच जवळ पडतो), बांधकामावरच्या विजापूर-बागलकोटच्या, हॉटेलात काम करणाऱ्यांच्या झारखंड-बिहारच्या. ‘दुखता काय गो?’ हे मालवणीलाही चालतं आणि कोंकणीलाही. कन्नडवाल्यांसाठी ‘नोवु इदेया?’ एवढं शिकून घेतलंय. पुढचं सगळं हातांवर.

आणि खरं सांगू, हातांवरच असतं ते. नर्सिंगला असताना ‘बबल-ही’ पाठ करून घेतात. छाती, गर्भाशय, मूत्राशय, शौच, अंगावरून जाणं, टाके, पाय, मन, अशा आठ गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेला तो शब्द. परीक्षेला फार उपयोगी. पण कागदावर आठांनाही सारख्याच उंचीची चौकट असते, आणि बाईच्या अंगात तसं नसतं. वार पडल्यावरच्या पहिल्या दोन तासांत गर्भाशय, रक्त आणि नाडी या तीनच गोष्टी. शौचाला झाली का, हे त्या वेळी विचारणाऱ्या मुलीला मी सरळ पुढच्या बेडवर पाठवते.

गर्भाशय कसा बघायचा हे पुस्तकात वाचून येत नाही. बाईला आधी लघवीला पाठवायचं. मग उताणी झोपवून गुडघे जरा वाकवायला सांगायचं, म्हणजे पोट सैल पडतं. एक हात ओटीपोटावर, खालच्या हाडाच्या अगदी वर, नुसता आधाराला. हा आधार नव्या मुली विसरतात. वरून दाबलं आणि खालून आधार नसला तर गर्भाशयच खाली सरकतो, क्वचित उलटासुद्धा होतो. दुसऱ्या हाताची कड बेंबीशी ठेवून हळूहळू खोल न्यायची. तळव्याला गोळा लागला पाहिजे, सोललेल्या नारळासारखा टणक. बाळंतपणानंतर काही तासांत त्याची वरची कड बेंबीच्या आसपास असते, आणि मग रोज साधारण एक बोट खाली उतरते. दहा-बारा दिवसांनी बाहेरून हाताला लागतच नाही. फायलीत आम्ही ‘बेंबीखाली दोन बोटं’ असं लिहितो. बोटं मात्र प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे शक्यतो एकाच नर्सने सलग बघावं असं माझं म्हणणं. ड्युटी चार्ट लावणाऱ्यांना ते पटत नाही.

हाताला गोळा लागलाच नाही, सगळं मऊ मऊ लागलं, तर काही विचारत बसायचं नाही. गोल गोल चोळायला लागायचं, तोंडाने हाक मारायची आणि नजर पॅडवर. बाळ होताच गर्भाशय आकसायला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन सगळ्यांनाच देतो, पण इंजेक्शन दिलंय म्हणून पोटावरचा हात काढायचा असं नसतं.

रक्ताचंही तसंच. ‘जास्त जातंय काय?’ असं विचारलं की बाई म्हणते, ‘पाळीत जाता तसाच.’ कुणाची पाळी कशी, हे मला काय ठाऊक? त्यापेक्षा विचारावं: हा पॅड कधी लावला? त्याआधीचा कधी बदलला? तासाभराच्या आत पॅड गच्च भिजत असेल तर ते पाळीसारखं नाही, एवढं बास. आणि तिला एका कुशीवर वळवून पाठीखाली बघायचं. रक्त वाहत जातं ते खाली, चादरीवर, मॅकिन्टॉशच्या, म्हणजे रबरी चादरीच्या, घडीत. वरून पॅड स्वच्छ आणि कमरेखाली थारोळं, हे मी पाहिलेलं आहे. शंका आली की पॅड वजनकाट्यावर ठेवावा, कोऱ्या पॅडचं वजन वजा करावं. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. ५०० मिलीच्या वर गेलं की धोक्याची घंटा असं आम्हाला शिकवलं, पण हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला ५०० ची वाट बघायला लावू नये. तिच्याजवळ घालवायला तेवढं नसतंच.

उठून पहिल्यांदा उभी राहते तेव्हा भसकन जातं, तेव्हा मात्र घाबरू नका. झोपून असताना साचलेलं असतं ते. भसकन येऊन थांबलं तर ठीक. येतच राहिलं, लिंबाएवढ्या गाठी पडू लागल्या, तर हाक मारायची.

नाडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरचे लोक बीपीच्या मशीनकडेच डोळे लावून बसतात. तरुण बाईचं अंग फार चिवट असतं. रक्त जात असलं तरी बीपी बराच वेळ धरून ठेवतं, आणि त्यासाठी हृदय आपलं पळत सुटतं. म्हणून नाडी आधी वाढते आणि बीपी मागाहून कोसळतं. बीपी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. माझा हिशोब सोपा: नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या जवळ येऊ लागला की खुर्चीतून उठायचं. ओलांडून गेला तर धावायचं.

सत्तरीकडची एक मुलगी होती, पहिलंच बाळंतपण, बाळ व्हॅक्यूम लावून काढलेलं. गर्भाशय टणक, पॅडवर बेताचं रक्त, बीपी चांगलं. विचारलं की मान हलवून ‘बरं आसा’. सोबतीला आलेली मावशी तर म्हणाली, ‘टाक्यांचा दुखताच, आमका काय दुखाक नाय?’ आमच्याकडे तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांतली एक मला येऊन सांगते, ‘सिस्टर, ती बसत नाहीय सरळ. एका बाजूवर बसतेय, आणि म्हणते परसाकडला लागल्यासारखं होतंय पण होत नाही.’ नाडी मोजली, ११८. दिवा घेऊन बघितलं तर टाक्यांच्या शेजारी एका बाजूला निळसर, तणतणीत फुगवटा. रक्त बाहेर येत नव्हतं, आत साठत होतं. डॉक्टरांनी तासाभरात ऑपरेशन थिएटरला घेतली. त्या विद्यार्थिनीने कुठलाही मोठा प्रश्न विचारला नव्हता. ती कशी बसते ते बघितलं आणि परसाकडचं वाक्य ‘काहीतरीच’ म्हणून सोडून दिलं नाही. आता ती मुलगी आखातात कुठेतरी नोकरीला आहे. आमच्या चांगल्या मुली जातात तिकडे, तो वेगळाच विषय.

लघवीवरून आमच्या वॉर्डात जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरून होत नसतील. ‘झाली?’ ‘झाली.’ पण किती? थोडी थोडी दहा वेळा होत असेल तर ती होत नसते, भरलेल्या पिशवीतून सांडत असते. पोटावर हात ठेवला की कळतं: गर्भाशय वर चढलेला आणि उजवीकडे कललेला. भरलेलं मूत्राशय त्याला ढकलतं, तो आकसू शकत नाही, मग रक्त जास्त जातं. म्हणजे रक्त थांबवायला कधी कधी औषध लागत नाही, भांडं लागतं. बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत एकदा नीट, भरपूर व्हायला हवी. नाही झाली की आधी नळ सोडून ठेवायचा, कोमट पाणी टाक्यांवर ओतत बसायला सांगायचं, दार लावून घ्यायचं. नाहीच झाली तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी.

का होत नाही, याची कारणं पुस्तकातली आहेतच: सूज, टाक्यांची आग, कमरेतल्या इंजेक्शनाने गेलेली संवेदना. पण पुस्तकात नसलेलंही एक कारण आहे, ते म्हणजे पाणीच दिलेलं नसतं. ‘पोट सुटतं’, ‘टाके ओले राहतात’, ‘बाळाला सर्दी होते’. सासूबाई मेथ्यांची पेज थर्मासमधून घेऊन येतात, नारळाचा रस आणि गूळ घातलेली, वास असा की आम्हालाच भूक लागावी. पण पाण्याची बाटली मात्र खाटेखाली लपवतात. पेजेला माझी काडीचीही हरकत नाही. डिंक, अळीव, तेल-मालीश, गरम पाण्याची आंघोळ, सगळं करा. पाणी तेवढं द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागते ती उगाच नव्हे. बंद खोलीत खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी मात्र नको, धुराने बाळाला आणि आईला दोघांनाही गुदमरायला होतं; यावर मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ नाही म्हणते.

छातीबद्दल लोक इतकं बोलतात की मी थोडक्यात आवरते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, तोच बाळाला पुरतो, मधाचं बोट लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो, सिझरवालीला कधी एखादा दिवस उशिरा. एका बाजूला लाल चट्टा, कढत लागणं आणि ताप आला तर दाखवायचं, पण पाजणं थांबवायचं नाही. पहिल्या दिवसानंतर कधीही ३८ सेल्सिअसच्या वर ताप गेला की तो ‘दुधाचा ताप’ म्हणून घरी सोडून द्यायचा नाही. टाके, गर्भाशय, लघवी, छाती, काहीही पिकलेलं असू शकतं. घाण वास हे त्यातलं सगळ्यात प्रामाणिक लक्षण, आणि बायका लाजून तेच सांगत नाहीत.

पायांचं सांगते. पूर्वी पाऊल वर दाबून पोटरीत कळ येते का बघायला शिकवायचे. त्यावर आता कुणी विसंबत नाही. त्यापेक्षा दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघाव्या, हवं तर टेप लावावी. बाळंतिणीचे दोन्ही पाय सुजतात, त्याचं एवढं नाही. एकच सुजला, गरम लागला, दुखला, तर ती गुठळी असू शकते. सिझरवालीला जास्त जपायचं आणि लवकर चालवायचं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. वॉर्डात आम्ही एवढं बघतो, आणि मग ती घरी जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ पासून आहे, साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस सरकारी दवाखान्यात जेवणखाण फुकट. तिसऱ्या दिवशी साधी बाळंतीण सुटते. आणि बाळंतपणानंतर बीपी सगळ्यात वर चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या मध्ये. म्हणजे आमच्या हातून सुटून नेमकं घराच्या अंगणात. गरोदरपणात बीपी अगदी चांगलं होतं अशांचंही चढू शकतं. डोकं दुखतं, तर ‘झोप नाही ना, जागरण चाललंय’. डोळ्यांपुढे काजवे येतात, तर ‘अशक्तपणा’. छातीखाली, उजव्या बरगडीशी दुखतं, तर ‘पित्त’. प्रत्येक लक्षणाला घरात एक तयार, निरुपद्रवी नाव असतं. बाम चोळतात, कपाळाला फडकं बांधतात, आणि आकडी येते तेव्हा गाडी शोधतात.

मी काही काळ आरोग्य केंद्रात होते तेव्हा घरभेटी करायचे. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग सहा आठवड्यांनी, असं ते वेळापत्रक. सातव्या दिवसाची भेट म्हणजे सटीची दुसरी सकाळ. रात्रभर घर जागं, पाहुणे, पूजा, भजन. माझ्यासाठी चहा, बाळ माझ्या मांडीवर, ‘वजन बघा, वजन बघा’. आई कुठे? आतल्या काळोख्या खोलीत. सोयर असतं, तिला कुणी शिवत नाही; म्हणजे तिच्या अंगाला ताप आहे हेही कुणाच्या हाताला कळत नाही. मी बाळाआधी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचे. एकदा एका आजोबांना राग आला, ‘पयलीं भुरगें पळय’, आधी बाळ बघ. मी म्हटलं, तुमचं भुरगं मस्त रडतंय, तेच त्याचं सर्टिफिकेट. १४०/९० च्या वर आकडा गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. वरचा आकडा १६० झाला तर चहा तसाच ठेवून गाडी.

डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं असतं का? एका ठिकाणची कार्डं माझ्याकडे नेहमी यायची, ठिकाणाचं नाव नको. त्यांवर बाळाचं वजन ग्रॅममध्ये, लसींच्या तारखा शिक्क्यासकट, आणि आईच्या रकान्यात ‘जी. सी. फेअर’. म्हणजे बरी आहे. विचारलं असेल, ती हो म्हणाली असेल!

मनाचं विचारायला मला जास्त वर्षं लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्ह्याबरोबर रडूही फुटतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. निवळत नाही तेव्हा काय? त्यासाठी एडिंबरा स्केल नावाची १० प्रश्नांची यादी आहे, १९८७ सालची. आपल्या गोव्यातच मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा उपयोग करून अभ्यास केला, तो २००२ साली छापून आला. इथल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या बायकांना बाळंतपणाआधी आणि नंतर तपासलं, तर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के नैराश्यात होत्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच. कारणांत गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून झालेली निराशा. पुढच्या वर्षीच्या लेखात त्यांनीच दाखवलं, की आई नैराश्यात असली तर सहा महिन्यांचं बाळही वजनाने मागे राहतं. ज्यांना फक्त बाळाचं वजन हवं असतं त्यांना मी हे आवर्जून सांगते.

दुसरी मुलगी झालेल्या बेडकडे माझं आपोआप लक्ष जातं. डबा येतो, माणसं येतात, पण थांबत नाहीत. तिथे सासूबाईंसमोर काही विचारण्यात अर्थ नसतो. मग मी सासूबाईंना कामाला लावते: खाली काउंटरवरून बाळाचं कार्ड घेऊन या. तिथे हमखास रांग असते. तेवढ्या वेळात खाटेच्या कडेला बसायचं, उभं राहून नाही, आणि विचारायचं: बाळ झोपलेलं असताना तुला झोप येते का? जेवण जातं का? एकटी असलीस की मनात काय येतं? आणि यादीतला शेवटचा प्रश्न, स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, तो गाळायचा नाही. नव्या मुलींना वाटतं, विचारलं तर तिच्या डोक्यात येईल. येत नाही. असतं ते बाहेर पडतं. भलतंसलतं बोलू लागली, झोपच येईना, कुणी बाळ बदललं असं म्हणू लागली, तर ते रडू नव्हे, त्याच दिवशी दवाखाना. देवाधर्माचं नंतर बघू.

हे वाचणारे बहुतेक जण नर्स नसणार, कुणाच्या तरी घरी बाळाला बघायला जाणारे असणार. तर गेल्यावर तिला विचारा: आज पाणी किती प्यायलीस? लघवी शेवटची कधी? पॅड किती बदललेस? डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे काही येतं का? घरी कुणाकडे बीपीचं मशीन असेल, आजोबांचं असतंच, तर लावून बघा. रक्तवाढीच्या (लोहाच्या) गोळ्या आणि कॅल्शियम चालू आहे का तेही बघा, बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात आणि बाळ घरी आल्यावर त्या कपाटाच्या वर जाऊन बसतात.

आणि तिला कॅज्युअल्टीत न्यायची वेळ आली, किंवा १०८ ला फोन लावला, तर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘बाळंत होऊन इतके दिवस झालेत.’ बाळ आजीकडे ठेवून बाई साध्या ड्रेसमध्ये डोकं धरून आली, तर ती बाळंतीण आहे हे बघून कुणालाच कळत नाही. केस पेपरवरही ते वरच्या ओळीत लिहून घ्यायला लावा. सहा आठवडे उलटेपर्यंत प्रत्येक वेळी, अगदी दात दुखतो म्हणून नेलंत तरी.